दाइमोनिऑनला सदसद्विवेकबुद्धी म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की सॉक्रेटिसवर मराठीत लिहिताना त्याच्या 'दाइमोनिऑन'ला, म्हणजे त्याला येणाऱ्या दैवी आवाजाला, सदसद्विवेकबुद्धी म्हटलं तर चालेल का. माझं मत, नको. सॉक्रेटिसला तो शब्द शोभतो, पण दाइमोनिऑनला नाही.

आधी शुद्धलेखन. सत् अधिक असत् म्हणजे सदसत्, म्हणून सदसद्विवेकबुद्धी. 'सद्सद्' असं सर्रास टाइप होतं ते चूक, कारण असत्‌मधला अ-च त्यात गळतो. आणि विवेक म्हणजे वेगळं करणं, तांदळातले खडे निवडतो तसं, म्हणजे हे विचार करून निवडायचं काम झालं.

दाइमोनिऑन तसं नाहीच. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त (इथे अपॉलॉजी म्हणजे माफी नव्हे, कोर्टातला बचाव) सॉक्रेटिस सांगतो की लहानपणापासून मला एक आवाज येतो, आणि आला की मी जे करायला निघालोय त्यापासून मागे फिरवतो, 'हे कर' असं मात्र कधीच सांगत नाही. शब्दाचा अर्थ 'दैवी असं काहीतरी'. इ.स.पू. 399 मधल्या खटल्यात आरोपपत्रातही हाच शब्द अनेकवचनात आहे, की हा नगराचे देव मानत नाही आणि नवी 'दाइमोनिया' आणतो. तिथे सदसद्विवेकबुद्धी घालून वाचा, आरोपाला अर्थच राहत नाही. म्हणून मी 'दैवी आवाज' किंवा 'दैवी खूण' लिहीन. आपण म्हणतो ना, 'सगळं ठीक होतं पण मन धजेना', त्याच्या जवळचं आहे ते, फक्त सॉक्रेटिससाठी ते मन नव्हतं, देवाकडून आलेलं होतं.

मग कॉन्शन्सला, म्हणजे ज्याला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो त्याला, ग्रीकमध्ये काय? 'सिनेइदेसिस', शब्दशः 'सोबत जाणणं', त्याचाच लॅटिनमध्ये हुबेहूब साचा म्हणजे 'कॉन्शिएन्शिया'. सोबत कोणाच्या, तर स्वतःच्याच. युरिपिडीसच्या नाटकात आईला मारून बसलेल्या ओरेस्टेसला काका विचारतो तुला कसला आजार झालाय, तर तो म्हणतो जाणिवेचा, मी भयंकर कृत्य केलंय हे माझं मला ठाऊक आहे. मराठीत सरळ 'मन खातंय'. माणूस स्वतःचाच साक्षीदार. आणि साक्षीदार म्हटलं की मला तुकोबाच आठवतात, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता'. ग्वाही म्हणजे साक्षच, फारसीतून आलेला शब्द. ग्रीक कल्पनेच्या इतकं जवळ जाणारं मराठीत दुसरं काही मला तरी माहीत नाही, आणि बहुमताविरुद्ध उभं राहणंही त्याच ओळीत आलंय.

आता सदसद्विवेकबुद्धी कुठे वापरायची तर सालामिसच्या (अथेन्सजवळचं बेट) लिऑनच्या प्रसंगात. अथेन्सवर तीस जुलमींची राजवट होती, त्यांनी सॉक्रेटिससकट पाच जणांना थोलोस या सरकारी इमारतीत बोलावून हुकूम दिला की सालामिसला जा आणि लिऑनला धरून आणा, त्याला मारायचंय. चौघं सालामिसला गेले, हा उठून घरी गेला. ती राजवट लवकरच पडली म्हणून वाचला, नाहीतर तेव्हाच मेलो असतो असं स्वतःच सांगतो. पण बघा, हे सांगताना आवाजाचं नावसुद्धा काढत नाही, म्हणतो मला मरणाची फिकीर नव्हती, हातून अन्याय होऊ नये एवढीच होती. हा निर्णय त्याचा स्वतःचा, विचार करून घेतलेला. इथे दैवी आवाज घुसवला तर त्याचं श्रेय काढून घेतल्यासारखं होतं, आणि मला ते खरंच खटकतं.

तुमच्या लेखात मृत्युदंडानंतरचं भाषण येणार असेल तर तिथे मात्र दाइमोनिऑन हवंच. तो म्हणतो, एरवी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात मला अडवणारा हा आवाज आज सकाळी घरातून निघताना आला नाही, कोर्टात उभा राहताना नाही आणि बोलतानाही एकदासुद्धा नाही, त्याअर्थी जे होतंय ते वाईट नसावं.