अर्ध्यात आणखी घातलं, तर कमी कसं होईल?

जूनमध्ये शाळा उघडतात, गणपतीच्या आसपास पहिली चाचणी होते आणि पेपर घरी आले की पालकांची पत्रं यायला लागतात. यंदाची बहुतेक पत्रं पाचवी ते सातवीच्या गणिताबद्दल आहेत आणि बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे: चौथीपर्यंत छान चाललं होतं, मग मध्येच काय झालं? मुलं बिघडलेली नाहीत. या तीन वर्षांत संख्येचा अर्थच बदलतो. तोवर संख्या म्हणजे मोजणं असतं: आंबे किती, पोरं किती, रुपये किती. इथून पुढे संख्या तुलना सांगायला लागते, म्हणजे कशाच्या मानानं किती. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी, ऋण संख्या हे सगळं त्यातच येतं. हा बदल मुलांना कुणी मोकळेपणानं सांगत नाही, म्हणून ती जुनीच रीत नव्या जागी वापरतात.

मुलगी पाचवीत आहे. चौथीपर्यंत पैकीच्या पैकी मार्क. आता १/२ + १/३ = २/५ असं लिहिते. वरचे वर, खालचे खाली मिळवते. दहा वेळा समजावलं, शेवटी ओरडले. काय करू?
— एक आई, गुहागर

आधी ओरडणं थांबवा, कारण ती आळसानं चुकत नाहीये. चार वर्षं तिला शिकवलंय की दिसतील त्या संख्या मिळवायच्या, आणि ती तेच करतेय. छेद म्हणजे तुकड्यांची मोजदाद नाही, ते तुकड्याच्या आकाराचं नाव आहे, हे तिला अजून जाणवलेलं नाही.

वेंगुर्ल्याकडच्या एका शाळेत मी असताना एका मुलीनं फळ्यावर हेच उत्तर लिहिलं होतं. मी चूक म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की २/५ मोठे की १/२? तिनं पाटीवर एक पट्टी काढली, तिचे पाच भाग केले, दोन रंगवले. मग मधोमध बोट ठेवलं. रंग बोटापर्यंत पोचतच नव्हता. ती बराच वेळ त्या मोकळ्या फटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, अर्ध्यात आणखी घातला, तर कमी कसा होतला?" त्यानंतर ही चूक तिनं माझ्यासमोर तरी पुन्हा केली नाही. नियम मी तिला दोन दिवसांनी सांगितला.

घरी हे करा. १२ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी कापा. तिचा अर्धा भाग ६ सेंटिमीटर, तिसरा भाग ४ सेंटिमीटर. दोन्ही एकापुढे एक ठेवले की १० सेंटिमीटर, म्हणजे १२ पैकी १०, म्हणजे ५/६. बाराच सेंटिमीटर का, असं तिनं विचारलं तर समजा की सहावीतला लसावि तिनं आत्ताच गाठला. दोन आणि तीन या दोन्हींनी पूर्ण भाग जाईल अशी लांबी हवी, मग सहाही चालेल, अठराही.

अजून एक गोष्ट, जी बरेच शिक्षकही सांगत नाहीत. वरचे वर आणि खालचे खाली मिळवणं तिला तिच्याच पेपरात दिसतं! एका प्रश्नात २ पैकी १ मार्क, दुसऱ्यात ३ पैकी १, बाई खाली लिहितात ५ पैकी २. तिथे ते बरोबरच आहे, कारण तिथे दोन वेगवेगळे 'पूर्ण' एकत्र करून एक मोठा 'पूर्ण' केलाय. अपूर्णांकांच्या बेरजेत 'पूर्ण' एकच राहतो, एकच पट्टी, एकच नारळ. हा फरक तिच्याशी बोला. पाचवीतल्या मुलीला तो कळतो, फक्त घाई करू नका.

आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ असे. आता नातवाला पाऊण म्हणजे काय तेही सांगता येत नाही. हे सगळं टाकून दिलं त्यात नुकसान नाही झालं?
— एक आजोबा, अलिबाग

झालं, पण तुम्ही म्हणता त्याहून थोडं वेगळं. पाठांतर गेलं त्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. शब्द गेले त्याचं वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, अगदी साडेतीनाला औट. अपूर्णांकांसाठी इतके सुटे शब्द मराठीत आहेत आणि मुलं शाळेत 'थ्री बाय फोर' वाचतात. 'पाऊण' या शब्दात त्याची कृती दडलेली आहे: पाव ऊन, म्हणजे पाव कमी. पावणेपाच म्हणजे पाच उणे पाव. नातवाला घड्याळाच्या वेळा मराठीत विचारा, एवढ्यानं निम्मं काम होईल.

आणि पाऊणकीचा खरा उपयोग तुमच्या दारातच आहे. भरतीचं जुनं गणित तुम्ही नक्की ऐकलं असेल: तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल याचा अंदाज असा बांधता येतो.

आता हेच गणित सहावीतल्या मुलापुढे ठेवा आणि विचारा, पाऊणच का? अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत ३० तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ सरकत सरकत घड्याळाचे २४ तास फिरून जागेवर येते. म्हणजे एका तिथीला २४/३० तास, संक्षिप्त रूप ४/५ तास, म्हणजे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दोन्हींचा छेद २० करा: १५/२० आणि १६/२०. फरक १/२० तास, म्हणजे बरोबर तीन मिनिटं! एका तिथीला तीन मिनिटं ही काही मोठी चूक नाही. पण पौर्णिमेपर्यंत १५ तिथी होतात आणि तीन तीन करत ४५ मिनिटं साठतात. पाऊणकीनं पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, चार पंचमांशानं बाराला.

पूर्वजांनी पाऊण का धरला असावा? माझा अंदाज असा, की पाऊणकी सगळ्यांना येत होती आणि चार पंचमांशाचा पाढा कुणालाच येत नव्हता. होडीत उभ्या असलेल्या माणसाला पटकन येणारं ढोबळ उत्तर उशिरा येणाऱ्या अचूक उत्तरापेक्षा कामाचं. समच्छेद, संक्षिप्त रूप, अपूर्णांकाचा गुणाकार, अंदाज आणि चूक, सहावीचं निम्मं पुस्तक या एका हिशेबात बसतं. हे तुम्ही आजोबा म्हणून शिकवू शकता, क्लासवाल्यांना ते जमणार नाही.

मात्र एक सांगायलाच हवं. बंदर बदललं की वेळ पुढेमागे होते, आणि भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ओहोटीचं पाणी फारसं खाली उतरत नाही. पाण्यात उतरायचं असेल तर छापील भरती-ओहोटीचं कोष्टक आणि तिथल्या मच्छीमारांचा शब्द, एवढ्यावरच विश्वास ठेवा. पोरांना एकटं तर अजिबात सोडू नका.

मुलगा पाचवीत जाऊनही 'एकोणसाठ' सांगितलं की ६९ लिहितो. त्याला काही अडचण आहे का?
— एक पालक, राजापूर

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. तो कानानं ऐकलेलं लिहितोय. त्याला 'साठ' ऐकू येतं, म्हणून तो सहा आधी लिहितो, आणि 'एकोण' ऐकलं की शेवटी नऊ येतो हे त्याच्या लक्षात राहिलंय. पाऊणमधला तोच 'ऊन' इथेही आहे: एक ऊन साठ, साठाला एक कमी. हे फोडून सांगा, मग एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी त्याच्याकडूनच फोडून घ्या.

मराठी संख्यानामं खरोखरच अवघड आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा साधा होता: आपण बोलताना एकक आधी उच्चारतो, लिहिताना दशक आधी लिहितो, आणि लहान मूल तिथेच अडखळतं. मला तो मुद्दा पटतो. जुने शब्द टाकायची गरज नाही, पण अडलेल्या मुलाला 'पन्नास नऊ' म्हणून पुढे जाऊ द्यायला काय हरकत आहे?

मुलानं सातबारा वाचून विचारलं, की ०.१२.५० या संख्येत दोन टिंबं कशी? मला उत्तर देता आलं नाही.
— एक बागायतदार, देवगड

मुलाला शाबासकी द्या. ही दशांश संख्या नाहीच, हे त्यानं ओळखलं! ती तीन वेगवेगळी मापं शेजारी शेजारी लिहिली आहेत: हेक्टर, आर आणि चौरस मीटर. ० हेक्टर, १२ आर, ५० चौरस मीटर. १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि १०० चौरस मीटर म्हणजे एक आर. म्हणून तुमची जागा १,२५० चौरस मीटर, किंवा साडेबारा आर, किंवा एकच टिंब देऊन लिहायचं तर ०.१२५ हेक्टर.

आता त्याला विचारा, ०.१२५ हेक्टर मोठं की ०.५ हेक्टर? पुष्कळ मुलं ०.१२५ म्हणतात, कारण १२५ हे ५ पेक्षा मोठे. त्याला आरमध्ये बदलून बघू दे: साडेबारा आर आणि पन्नास आर. दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत याला महत्त्व नाही, पहिला अंक कोणता याला आहे. आणि बागेत घेऊन जा. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद दोरी लावा, तो एक आर. गुंठा याच्यापेक्षा किंचित मोठा, १०१ चौरस मीटरपेक्षा थोडा जास्त. बाजू दहा पटीनं वाढली की क्षेत्रफळ शंभर पटीनं वाढतं, हे पुस्तकात वाचून कळत नाही, दोरी धरून चालल्यावर कळतं.

सहावीतल्या मुलाला ३० पर्यंत पाढे पाठ हवेत का? अबॅकसचा क्लास लावू का?
— एक आई, रत्नागिरी

दहापर्यंत पक्के हवेत, झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. १२, १५ आणि २५ चे आले तर व्यवहारात फार सोय होते. २७ चा पाढा विसरला तर २५ चा आणि २ चा मिळवून काढता येतो, आणि ते येणं पाठांतरापेक्षा मोलाचं. अबॅकसमुळे बेरीज-वजाबाकीचा वेग वाढतो. सहावीत मुलं वेगात कमी पडतात म्हणून अडत नाहीत, अर्थ लागत नाही म्हणून अडतात. ते पैसे वाचवा.

मी सातवीत आहे. ऋण गुणिले ऋण धन का होतं? सरांना विचारलं तर म्हणाले, नियम आहे, पाठ कर.
— एक विद्यार्थिनी, मालवण

तुझा प्रश्न अगदी योग्य आहे, विचारत राहा. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' या ग्रंथात धन आणि ऋण संख्यांचे हे नियम लिहून ठेवले. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे जवळ असलेलं. पण नियम जुना आहे म्हणून तो मान्य करायचा नाही. आधी हे वहीत लिही:

(−२) × ३ = −६
(−२) × २ = −४
(−२) × १ = −२
(−२) × ० = ०

प्रत्येक ओळीत उत्तर दोननं वाढतंय. पुढची ओळ (−२) × (−१). तिथे दोननं वाढणं एकदम थांबेल का? थांबायचं कारणच नाही, म्हणून उत्तर २.

आता जेट्टीवर चल. ओहोटी लागलीय आणि पाणी तासाला ३० सेंटिमीटर उतरतंय असं समज, म्हणजे −३०. तीन तासांनंतर पाणी कुठे असेल? (−३०) × ३ = −९०, आत्तापेक्षा ९० सेंटिमीटर खाली. आणि तीन तासांपूर्वी कुठे होतं? 'पूर्वी' म्हणून वेळ −३. पाणी उतरत आलंय, म्हणजे तेव्हा ते वर होतं. (−३०) × (−३) = +९०.

खऱ्या ओहोटीत पाणी प्रत्येक तासाला सारखं उतरत नाही. सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी पुन्हा हळू. मोठ्या माणसाला बरोबर घे, जेट्टीच्या खांबावर खडूनं दर तासाला पाण्याची खूण कर आणि त्या आकड्यांचा स्तंभालेख काढून मला पाठव.