अमिल नायट्राइटच्या अँप्यूल घरी आणून ठेवाव्यात का?

ताई, तुमचा भाऊ मकरपुऱ्याला प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) युनिटमध्ये आहे. तिथल्या फर्स्ट एडच्या पेटीत त्याला अमिल नायट्राइटच्या अँप्यूल (औषधाच्या छोट्या बंद काचेच्या कुप्या) दिसल्या, ‘हे हृदयाचं औषध आहे’ असं सुपरवायझर म्हणाला, आणि बाबांना अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ) असल्यामुळे दोन घरी आणाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून आणू नका. बडोद्याच्या केमिकल पट्ट्यात कारखान्याच्या दवाखान्यात मी फार्मासिस्ट होतो, या अँप्यूल माझ्याच ताब्यात असायच्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुपरवायझरचं म्हणणं चूक नाही, फक्त फार जुनं आहे. १८६७ साली एडिंबरामध्ये लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरने छातीत कळ येणाऱ्या रुग्णाला कापडावर पाच-दहा थेंब टाकून हे औषध हुंगायला दिलं आणि मिनिटभरात कळ थांबली. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. पण १८७९ मध्ये विल्यम मरेल या डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन वापरून दाखवलं आणि पुढे जिभेखालच्या गोळ्यांनी याची जागा घेतली. ते योग्यच झालं. गोळीत डोस ठरलेला असतो. हुंगताना किती आत गेलं हे कोणीच सांगू शकत नाही. अर्ध्या मिनिटात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, बीपी धाडकन खाली येतं, नाडी पळायला लागते आणि तीन ते पाच मिनिटांत सगळा असर संपतो. म्हातारा माणूस उभ्या उभ्या कोसळला तर कळ राहिली बाजूला, खुब्याचं हाड मोडायचं.

बाबांना डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी) दिली असेल तर तीच जवळ ठेवा. कळ आली की आधी खाली बसवायचं, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर १०८ लावा, शेजाऱ्याची गाडी शोधत बसू नका. आणि एक गोष्ट घरात कोणी विचारत नाही, ती विचारा: लैंगिक ताकदीसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास कुठलंच नायट्रेट किंवा नायट्राइट चालत नाही. बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. लाजेपोटी हे लपवलं जातं, म्हणून इथे स्पष्ट लिहिलं.

आता त्या पेटीकडे येऊ. प्लेटिंगमध्ये सायनाइडचे क्षार वापरतात आणि अँप्यूल त्यासाठीच ठेवलेल्या आहेत. सायनाइड पेशीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइममधल्या लोहाला चिकटतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. नायट्राइटमुळे थोड्या हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं रूप) होतं, आणि सायनाइड पेशी सोडून त्याच्याकडे ओढलं जातं. हुंगून तयार होणारं मेटहिमोग्लोबिन मात्र थोडंच. खरा उपचार हॉस्पिटलमधला: शिरेतून सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट, किंवा मिळत असेल तर हायड्रॉक्सोकोबालामिन. अँप्यूल तोपर्यंतची सोय आहे.

वापरायची रीत अशी. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचं, माखलेले कपडे उतरवायचे, शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करायचा. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही, देणाराही विषबाधेत सापडतो. अँप्यूल पातळ काचेची असते, भोवती सुती जाळीचं वेष्टण. वेष्टणासकट दोन बोटांत दाबली की टक्कन फुटते आणि सडक्या फळासारखा उग्र-गोड वास येतो. ती नाकापाशी दर मिनिटात १५ ते ३० सेकंद धरायची, मधल्या वेळात ऑक्सिजन, साधारण दर तीन मिनिटांनी नवी अँप्यूल. धरणाऱ्याने आपलं तोंड बाजूला ठेवायचं, नाहीतर त्यालाच भोवळ येते. जवळ ठिणगी, सिगारेट काही नको, हे पटकन पेटतं.

आगीच्या धुरात सापडलेल्याला मात्र हे देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद आधीच घटलेली असते, मेटहिमोग्लोबिनने ती आणखी घटते. काचबिंदू आणि डोक्याला मार असेल तिथेही हे टाळतात. जी-६-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी याने फुटू शकतात. आपल्याकडे पारशी आणि वाटलिया प्रजापती समाजात ही कमतरता जास्त आढळते, तेव्हा कामगाराच्या आरोग्य कार्डावर त्याची नोंद हवी.

तुम्ही शेवटी पॉपर्सबद्दल विचारलंत. नशेसाठी हुंगतात ते याच कुळातले नायट्राइट. त्यांनी डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन नजर अधू झाल्याची उदाहरणं आहेत. बाटलीतलं चुकून प्यायलं गेलं तर ओठ निळे पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं आणि ऑक्सिमीटर ८५च्या आसपास अडकून बसतो. असं दिसलं तर घरगुती उपाय करू नका, तडक सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी न्या. यावरचा उतारा, मिथिलीन ब्लू, तिथेच देता येईल, आणि तेही जी-६-पीडी विचारूनच.

भावाला सांगा, अँप्यूल मागण्याऐवजी पेटी उघडून एक्सपायरी बघ. त्या थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायच्या असतात. पत्र्याच्या शेडमध्ये, बडोद्याच्या मे महिन्यात, भिंतीला टांगलेल्या पेटीत त्यांचा भरवसा नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, रात्रपाळीत तो उघडता येणारं कोणी आहे का, हेही शेठना विचारायला लाव. आणि सायनाइडच्या टाकीशेजारी ॲसिडचे कॅन ठेवलेले दिसले तर ते आजच हलवायला सांग म्हणावं, कारण दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.