लिव्हर अडला तर जोर लावू नका

फिल्म कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर अडला, तर आधी फ्रेम काउंटर, म्हणजे किती फोटो काढले ते दाखवणारा आकडा, पाहा. आकडा ३६ च्या आसपास असेल तर रोल संपलाय, अडकलेला नाही. तळाचं रिवाइंड बटण दाबून क्रँक, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळणारी छोटी मूठ, सावकाश फिरवा. लिव्हर मात्र ओढू नका. फिल्मच्या कडेची भोकं फाटतात, कधी फिल्म डबीतूनच निसटते.

रोल मध्येच अडला आणि क्रँकही फिरत नसेल, तर मागचं झाकण उजेडात अजिबात उघडू नका. चेंजिंग बॅग (हात आत घालून काम करता येणारी, उजेड न शिरणारी पिशवी) वापरा, नाहीतर पूर्ण अंधारी खोली. लाल दिवाही नको, रंगीत फिल्म त्यानेही खराब होते. आत बोटांनी चाचपत फिल्म हलकेच सोडवा, शटरच्या पडद्याला स्पर्श होऊ देऊ नका. भोकं फाटली असतील तर फिल्म गुंडाळून काळ्या, उजेड न शिरणाऱ्या डबीत ठेवा आणि लॅबला तसं आधीच सांगा. टिपलेले फोटो बहुतेक वाचतात.