विचारा, सांगू : संक्रांत ते रथसप्तमीचा भरगच्च महिना

पौष लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. गुडघेदुखी आणि वीजबिल मागे पडतात, हलवा, हॉल आणि टेम्पो ट्रॅव्हलर पुढे येतात. या वेळची निवडक पत्रे इंदूरच्याच वाचकांची आहेत.

प्रश्न : यंदा घरात सुनेची पहिली संक्रांत, नातवाचे बोरन्हाण आणि यजमानांची पंच्याहत्तरी आहे. शिवाय जानेवारीअखेर शेजाऱ्यांकडे लग्न. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, पौषात लग्न कसले? पत्रिकेवर तर 'माघ कृष्ण' छापले आहे. खरे काय? आणि हे सगळे बसवायचे कसे? (सुदामानगर)

उत्तर : दोघेही बरोबर आहेत. आपले मराठी पंचांग अमावास्येला महिना संपवते, माळव्यातले स्थानिक पंचांग पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असते. वद्य पक्षात मात्र इकडचे नाव एक महिना पुढे पळते. २०२७ मध्ये २३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी हे दिवस मराठी कालनिर्णयाने पौष वद्य, तर शेजाऱ्यांच्या पंचांगाने माघ कृष्ण. तिथी तीच, वारही तोच. कित्येक मराठी घरे पौषात कार्य टाळतात, स्थानिक घरांत मात्र खरमास (आपला धनुर्मास) संपला की माघातले मुहूर्त सुरू होतात. म्हणून संक्रांतीनंतर शहरातले हॉल आणि आचारी एकदम अडतात. गुरुजींशी, हॉलवाल्याशी आणि आचाऱ्याशी बोलताना तिथी न सांगता इंग्रजी तारीख आणि वार सांगा. श्राद्धतिथी किंवा तिथीने वाढदिवस कळवतानाही तसेच.

आता बसवण्याचे. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली होती, तेव्हा सगळ्यांची धांदल उडाली. २०२७ मध्ये ती १३ फेब्रुवारीला, शनिवारी आहे, म्हणजे हाताशी जवळजवळ महिना आहे. बोरन्हाण आणि पहिल्या संक्रांतीचे हळदीकुंकू १६ किंवा १७ जानेवारीला एकाच संध्याकाळी उरका. हलव्याचे दागिने दोघांचेही लागतात, बायका त्याच येतात आणि अंगणही एकदाच सजवावे लागते. पाहुण्यांना २३ ते २६ द्या. सोमवारची एक रजा घेतली तर चार दिवस होतात. पंच्याहत्तरीचे जेवण ३१ तारखेला ठेवा, म्हणजे आधी पाहुण्यांची पांगापांग होऊन घर थोडे श्वास घेईल. सलग दोन दिवस दोन मोठी जेवणे ठेवू नका. ज्येष्ठांचे पोट बिघडते ते नेहमी दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : तिळाचे लाडू वळताना छान होतात, पण दुसऱ्या दिवशी दात पडतील इतके कडक. मागच्या वर्षी पाक कमी केला तर डब्यात एकमेकांना चिकटून गोळा झाला. (रामबाग)

उत्तर : दोन्हीचे कारण पाकात आहे, पण सुरुवात गुळापासून होते. इथल्या किराण्यात साधा गूळ सहज मिळतो, चिक्कीचा गूळ मागून घ्यावा लागतो. सियागंजात नक्की मिळेल. साध्या गुळात ओल जास्त, त्यामुळे पाक कधी पुढे जातो, कधी मागे राहतो.

अर्धा किलो तीळ, ४०० ग्रॅम चिक्कीचा गूळ, दीडशे ग्रॅम दाण्याचे जाडसर कूट, ५० ग्रॅम भाजलेला सुक्या खोबऱ्याचा कीस, एक मोठा चमचा तूप, वेलची. वीस ग्रॅमचा लाडू धरला तर पन्नास-पंचावन्न होतात. तीळ मंद आचेवर भाजा. ते फुगून तडतडू लागले आणि चिमटीत सहज चुरडले की उतरवा. रंग बदलेपर्यंत थांबलात तर कडवट होतात. गूळ, तूप आणि दोन चमचे पाणी मंद आचेवर ठेवा. फेस वर आला की थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाका. थेंब पसरला तर कच्चा आहे. बोटांनी गोळी वळली आणि ती दाबता आली तर मऊ लाडवाचा पाक झाला. गोळी वाटीवर आपटून टणकन वाजली तर तो कुरकुरीत लाडवाचा आणि वडीचा. तुम्ही बहुधा या टप्प्याच्याही पुढे जाता, कारण वाटीतला थेंब तपासत असताना गॅस चालूच असतो. थेंब टाकतानाच गॅस बंद करा.

दुसरी गोष्ट, मिश्रण परातीत थंड होते, मग लाडू वळत नाहीत म्हणून ते पुन्हा गरम केले जाते आणि पाक आणखी पुढे जातो. त्यापेक्षा पातेले कढत पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवून वळा, आणि घाणे दोन करा. लाडू पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले तर वाफ धरतात आणि चिकटतात.

घरात दात नसलेली मंडळी असतील तर पाकाच्या नादी न लागलेले बरे. भाजलेले तीळ गार करून मिक्सरमध्ये थांबत थांबत जाडसर फिरवा, त्यात चिरलेला मऊ गूळ ४०० ग्रॅम घालून पुन्हा एक-दोन फेऱ्या. तिळाला तेल सुटून लाडू आपोआप वळतो. जास्त फिरवलेत तर तेल वेगळे होऊन मिश्रण ओघळते. हे आठ-दहा दिवसांत संपवा.

प्रश्न : नातू चौदा महिन्यांचा आहे. बोरन्हाणाला पंधरा-सोळा मुले येतील. साहित्य किती आणावे? लहान मुलांच्या घशात काही अडकेल अशी भीती वाटते. (राजेंद्रनगर)

उत्तर : भीती रास्त आहे. अर्धा किलो परमल (कुरमुरे), एक किलो बोरे, अर्धा किलो भुईमुगाच्या शेंगा, दोन उसांचे करवे, पाव किलो रेवड्या आणि हरभऱ्याचे घाटे एक जुडी इतके पुरते. पण हे सगळे एकत्र कालवून डोक्यावरून ओतू नका. बाळाच्या डोक्यावर फक्त परमल आणि फुलांच्या पाकळ्या येऊ द्या, तेही हातानेच, हळूहळू. बोरे आणि करवे त्याच्या पाठीमागे चादरीवर सोडा. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती बोर, अख्खा दाणा, रेवडी, हलवा लागू देऊ नये. हे सगळे घशात नेमके बसणाऱ्या मापाचे असते. मोठ्या मुलांना लुटू द्या, छोट्यांच्या पिशव्या आधीच भरून ठेवा आणि त्यांत चिक्कू, केळे, बिस्कीट असे काही घाला. गोळ्या-चॉकलेटे उधळण्याची नवी हौस निघाली आहे, ती आम्हाला तरी नको वाटते.

खोकल्याचा आवाज येत असेल तर मुलाला खोकू द्या, तोंडात बोट घालून चाचपू नका. आवाजच बंद झाला तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. तरी निघाले नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके, आत आणि वर. निघेपर्यंत हेच आलटून पालटून करा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ फिरवावा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नसतात. त्याला हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब.

हलव्याचे दागिने दोन-तीन आठवडे आधी सांगा. ते फ्रिजमध्ये ठेवले तर बाहेर काढताच ओल धरतात आणि हलवा पाघळतो. कोरड्या डब्यात, मुंग्यांपासून दूर ठेवावेत. मुकुट आणि हार फोटोपुरते घाला. बाळ ते तोंडात घालणारच, आणि त्याला जरतार, डिंक, पुठ्ठा लागलेला असतो. वेळ चारची धरा. साडेपाचनंतर ऊन जाते आणि गच्चीवर गारठा येतो.

प्रश्न : वाण काय लुटावे? चाळीस बायका आहेत. (तिलकनगर)

उत्तर : रोज हातात येईल असे. बर्तन बाजारात स्टीलची झाकणाची वाटी किंवा छोटी गाळणी घाऊक भावात मिळते. चाळीसला पंचेचाळीस घ्या. काचेचे काही नको. पिशवीत फुटते.

प्रश्न : पुणे-नाशिकचे अकरा जण येणार आहेत. दोघे सत्तरीच्या पुढचे, एक तीन वर्षांची मुलगी. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू हे सगळे चार दिवसांत होईल का? (लोकमान्यनगर)

उत्तर : होईल, पण पाहुणे गाडीतच बसलेले राहतील. दोन ठिकाणे घ्या. ज्येष्ठ असताना आमचा कौल उज्जैन आणि महेश्वरला.

उज्जैन ५५ किलोमीटरवर आहे. सोमवार आणि सुट्टीचा दिवस टाळा. मंदिराभोवतीचा महाकाल लोक परिसर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून वाहनतळ ते दर्शन हे चालणे चांगलेच वाढले आहे, त्यामुळे चाकांची खुर्ची लागेल का ते घरूनच ठरवा. पहाटेच्या भस्मारतीसाठी आगाऊ नोंदणी आणि ओळखपत्र लागते. पुरुषांना धोतर, बायकांना साडी. जानेवारीच्या पहाटे तीन वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे जाऊ नये. तिच्याबरोबर एकाने मुक्कामी थांबावे.

महेश्वर सुमारे ९० किलोमीटर, मानपूरचा घाट उतरून धामनोदवरून. घाटात ट्रक अडकला की तासभर जातो. सकाळी सातला निघाल तर उन्हाआधी किल्ला होतो. १७६७ पासून अहिल्याबाईंनी कारभार इथून केला. त्यांचा वाडा आणि गादी वरच आहे. नदीच्या घाटावर उतरणाऱ्या पायऱ्या पुष्कळ, आणि चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त दुखतात. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी वाड्यातच बसावे. वरूनही नर्मदा पूर्ण दिसते. नावेत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट मागा. नाही म्हणाला तर दुसरा नावाडी बघा.

साडी घ्यायचीच असेल तर ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, ही नेहमीची महेश्वरी. काठाच्या कडेला बारीक टोचल्याच्या खुणा ठरावीक अंतराने दिसतात का बघा. हातमागावर कापड ताणून धरल्याच्या त्या खुणा आहेत. दोन्ही बाजूंनी वापरता येणारा काठ हे महेश्वरीचे खास. दुकानदाराला उलटी बाजू दाखवायला सांगा.

मांडू तरुणांसाठी ठेवा. जहाज महाल आणि होशंगशहाची कबर यांच्यापासून रूपमती मंडप लांब, आणि प्रत्येक ठिकाणी चढउतार आहे. इंदूर-मांडू-महेश्वर-इंदूर असा फेरा साधारण २३० किलोमीटरचा होतो. बाहेरगावच्या भाड्यात बरेच गाडीवाले दिवसाला किमान २५० किलोमीटर धरतात, त्यामुळे हिशेबाने तो परवडतो, शरीराने नाही. अकरा जणांना बारा आसनी गाडी घेऊ नका. पिशव्या आणि मुलीचे सामान मांडीवर येते. सतरा आसनी घ्या. घाट, टोल, चालकाचा भत्ता भाड्यात धरले आहेत का ते लिहून घ्या.

शहरातला दिवस हवाच असेल तर राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि काच मंदिर जवळजवळ आहेत, अर्ध्या दिवसात होतात. सरकारी संग्रहालयांना सोमवारी सुट्टी असते, म्हणून महेश्वर सोमवारी टाका.

प्रश्न : आमच्याही पाहुण्यांना सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार दाखवायचा आहे. सासूबाईंना मधुमेह आणि उभे राहवत नाही. (नारायणबाग)

उत्तर : मग त्यांना 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीत न्या आणि सराफा बाकीच्यांनी बघावा. छप्पनला वाहने आत येत नाहीत, बसायला जागा असते आणि सकाळपासून चालू असते. सराफ्यात सोन्याची दुकाने मिटल्यावर त्यांच्या पायऱ्यांपुढे गाड्या लागतात. गल्ली अरुंद, खाणे उभ्याने. मंगळ-बुधवारी साडेआठ-नऊला पोचलात तर निदान धक्के कमी बसतील. शनिवारी अकराला लहान मूल कडेवर घेऊन जाऊ नये.

चौघांत एक प्लेट, हा नियम पहिल्या दुकानापासून पाळा. आधी भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद), मग दहीवडा, शेवटी गोड. उलट केले तर जिलब्यानंतर काहीच जात नाही. जिलबा वजनावर मिळतो आणि एकच पाव किलोच्या आसपास भरतो. शिकंजी मागवाल तेव्हा महाराष्ट्रातल्यांना आधी सांगा की इथली शिकंजी लिंबाची नसते, दुधाची आणि सुक्या मेव्याची असते. जेवणानंतर पचनासाठी म्हणून घेतली तर फसाल. साबुदाण्याची खिचडीही वाफवलेली असते, दाण्याच्या कुटात परतलेली नाही. उपवास असेल तर वर घातलेले फरसाण फराळी आहे का ते विचारा.

गराडू फक्त थंडीतला, सासूबाईंसाठी घरी करता येतो. सोलताना खाज येते म्हणून हाताला तेल लावा. इंचभराचे तुकडे मंद तेलात शिजेपर्यंत तळा, काढून दहा मिनिटे निववा, मग तेल कडक तापवून पुन्हा तळा. एकदाच तळलात तर बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. वरून लिंबू आणि जीरावन मसाला. जीरावनात काळे मीठ असते, तेव्हा रक्तदाबवाल्यांना चिमूटभरच.

प्रश्न : पंच्याहत्तरीला पस्तीस माणसांचे हॉटेलात जेवण. थाळी घ्यावी की बुफे? (सुदामानगर, पहिल्याच पत्रातून)

उत्तर : निम्मे ज्येष्ठ असतील तर थाळी, बसून. बुफेच्या रांगेत उभे राहणे त्यांना जड जाते, आणि सुनेला सात ताटे भरावी लागतात. बुफेत किमान संख्येचे पैसे घेतात. 'तीस पक्के, वरचे येतील तसे' असे ठरवा आणि संख्या कधीपर्यंत बदलता येते ते विचारा. मुलांचा दर वयावर की उंचीवर, बाहेरचा केक चालतो का, हॉल किती वाजेपर्यंत, हे मोबाइलवर संदेशात लिहून घ्या. तोंडी ठरलेले त्या दिवशीच्या मॅनेजरला माहीत नसते. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले दिसले तर काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते सक्तीचे नाही. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, म्हणून दर सांगतील तेव्हा 'करासकट किती?' एवढे विचारा. वेळ साडेसातची लिहा, आठला माणसे येतील.