तलावातल्या हिरव्या नळ्या काढू की ठेवू?

प्रश्न : आमच्या मामा तलावातली (जुन्या माजी मालगुजारी तलावातली) बेशरम, म्हणजे काठावर माजणारं तण, सगळ्यांनी खपून काढली. आता उथळ पाण्यात बिनपानांच्या, कमरेएवढ्या हिरव्या नळ्या दाट उगवल्या आहेत. काही सभासद म्हणतात, हेही तणच, उपटा. काय करावं? शेजारच्या बोडीत (लहान तळ्यात) लावता येतील का?
– मच्छीमार संस्थेचा सभासद, साकोली तालुका

उत्तर : उपटू नका, ही कळकळीची विनंती. आधी ओळख पक्की करा. एक नळी नखानं उभी चिरा. आत पोकळी, आणि थोड्याथोड्या अंतरावर पातळ आडवे पडदे दिसतील. चिमटीत दाबत नेली की ते चटचट फुटतात. फुलोरा अगदी शेंड्यावर, एकच, जवळपास नळीइतकाच जाड. एवढं जुळलं तर ती एलिओकॅरिस डल्सिस, लव्हाळ्याच्या कुळातली. दांडी तीनधारी लागली तर मोथ्याची एखादी जात. लांब चपटी पानं असली तर पाणकणीस.

हिच्या मुळांशी धावत्या फुटव्यांच्या टोकाला गोल, काळपट कंद धरतात. सारस असेच कंद चिखलातून उकरून खातो, आणि महाराष्ट्रात तो उरलाय मुख्यतः तुमच्याच भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात. नळ्यांच्या दाटीत माशांच्या पिल्लांना आसरा मिळतो, म्हणजे तुमच्या जाळ्याचाही फायदाच. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात तलावांवर काम करणारे मनीष राजनकर, पतीराम तुमसरे आणि ढिवर (मच्छीमार समाजाच्या) मंडळींनी बेशरम काढल्यावर अशाच देशी पाणवनस्पती मुद्दाम लावल्या. तुमच्याकडे तर त्या आपसूक आल्यात!

बोडीत जरूर लावा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, वरच्या नळ्या वाळल्या, की चिखलातले कंद काढा. सगळे नकोत, निम्म्याहून जास्त तिथंच राहू द्या. काढलेले कंद ओलसर मातीत सावलीत ठेवा. पहिल्या पावसानंतर बोडीच्या उथळ काठाला, कोंब पाण्याबाहेर राहतील तिथं, हातभर अंतरानं बोटभर खोल दाबा. एकदम खोल पाण्यात लावलेले कुजतात. कोवळे शेंडे गुरं खातात, म्हणून पहिल्या पावसाळ्यात काटेरी फांद्यांचं कुंपण हवंच.

आणखी एक. बोडीत ग्रासकार्प सोडत असाल तर एवढी मेहनत घेऊ नका, तो सगळं फस्त करील. त्याऐवजी रोहू, कटला सोडा. जाळं फिरवायला वाट हवी तेवढ्याच नळ्या विळ्यानं कापा, मुळं राहू द्या. कंद खायचे असतील तर सोलून, उकडूनच. तलावातल्या चिखलातला कंद कच्चा खाऊ नये.