हा विचार माझा की त्याचा?

"देवापुढे हात जोडले की नेमकी शिवी येते मनात. हा विचार माझाच आहे, की कुणीतरी आत बसून माझ्याकडून करवून घेतंय?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं आधी अर्धा तास दुसरंच काहीतरी बोलतात. झोप नाही, पित्त उसळतं, कामात लक्ष लागत नाही. वेळ संपत आली, चपला पायात सरकवल्या, की मग दाराशी थांबून खरं काय ते सांगतात. सांगताना आवाज इतका खाली जातो की दोनदा विचारावं लागतं.

वसईचा हा मुलगाही त्यातलाच. (त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय सव्वीस, अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाचं काम, घर कॅथलिक, मागे केळीची वाडी. पहिल्या दिवशी त्याची तक्रार एवढीच होती, "मॅडम, माझी सकाळची लोकल चुकते."

का चुकते, ते तिसऱ्या भेटीत कळलं. घरातून निघण्याआधी प्रभूची प्रार्थना म्हणायची सवय लहानपणापासूनची. अलीकडे 'तुझे नाव' या शब्दांना पोचलं की मध्येच एक घाणेरडी शिवी येऊन बसायची. ती शिवी देवाला लागली असेल, म्हणून प्रार्थना बाद. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच शिवी. त्या आठवड्यात एका सकाळी एकतीस वेळा झालं होतं. मोजले कसे, विचारलं, तर खिशातून तिकिटाचा चुरगळलेला कागद काढला. त्यावर पेनने मारलेल्या बारीक रेघा, पाच-पाचांच्या जुड्या करून.

चर्चमध्ये कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, रांगेतून तो मागे फिरायचा. कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, आठवड्यातून तीनदा जायचा. एकाच फादरांना किती छळणार, म्हणून बाइकवरून एकदा निर्मळला, एकदा गिरीजला, एकदा नंदाखालला.

यात भर पडली आत्याची. आत्या एका प्रार्थनागटात जाऊ लागली होती आणि तिला घरात जागोजागी सैतान दिसायला लागला होता. कोपऱ्यांत आशीर्वादित मीठ पडलं. सावंतवाडीहून हौसेने आणलेला लाकडी मुखवटा सैतानाला 'दार उघडतो' म्हणून वाडीतल्या पंपाच्या खोलीत गेला. मुलाचं कळल्यावर तिने सांगितलं की मुखवटा घरात असतानाच काहीतरी आत शिरलंय. वडील चिडले. म्हणाले, "आमच्या लहानपणी सैतान देवळातल्या चित्रात असायचा, मायकल देवदूताच्या पायाखाली. तुझ्यामुळे तो माझ्या भिंतीवर आला." जेवणाच्या टेबलावर रोज हाच वाद. ख्रिस्ताचा बाप्तिस्मा झालेल्या माणसात सैतान राहू शकतो का? शंका येणं ही माणसाची रीत की त्याची करणी? मुलगा मान खाली घालून भात कालवत ऐकायचा.

एकदा आत्या माझ्याकडेही आली. तिची भीती खरी होती आणि भाच्यावरची मायाही. बायबलमध्ये खूण करून आणली होती, पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, अकरावा अध्याय, चौदावी ओवी. सैतानसुद्धा तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो, असा तिथला भाव. तिचं म्हणणं असं, की वाईट जर वाईटासारखंच दिसलं असतं तर कुणी फसलंच नसतं. ते चांगल्याच्या वेषात येतं. गोड बोलतं, शिकलेलं असतं, मन शांत करतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "राग मानू नका ताई, पण तुम्हीसुद्धा असू शकता." मला हसू आलं. मुलगा हसला नाही. त्याच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं.

या युक्तिवादातून बाहेर पडायला वाट नाही. त्याच्या विरुद्ध जो पुरावा आणाल, तोच फसवणुकीचा पुरावा ठरतो. बरं वाटत नाही? सैतान छळतोय. बरं वाटतंय? सैतान गाफील ठेवतोय. मी वारकरी घरातली. आमच्याकडेही मारीच सोन्याचा हरीण होऊन येतो आणि रावण भिक्षेकरी होऊन, तेव्हा ही भीती मला परकी नाही. पण गोष्टीतल्या सीतेला निदान पुढे कळतं की तो कोण होता. या मुलाला कधीच कळणार नव्हतं, आणि कळल्याशिवाय तो घराचा उंबरा ओलांडायला तयार नव्हता.

आधी मला माझ्या बाजूचं पाहणं भाग होतं. आवाज कानांनी ऐकू येतात का? नाही, विचारच येतात, "माझ्याच आवाजात, पण मला नको असलेले." कुणी हुकूम देतंय असं वाटतं का? नाही. जीव नकोसा होतो का? यावर तो थांबला. मग म्हणाला, फलाटावर मुद्दाम भिंतीला टेकून उभा राहतो. त्याच दिवशी वडिलांना आत बोलावलं, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

निदान होतं ओसीडी, म्हणजे नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणं आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहणं. मराठीत याला जुना, नेमका शब्द आहे, मंत्रचळ. हात धुण्याचा मंत्रचळ सगळ्यांना माहीत असतो, पापाचा मंत्रचळ कमी जणांना. देव्हाऱ्यासमोर नको ते दिसतं म्हणून फुलं वाहणं सोडलेली एक आजी माझ्याकडे यायची. वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, पुन्हा पुन्हा करणारे एक मुस्लिम गृहस्थ यायचे, ते त्याला वसवसा म्हणत. ज्याला जे सगळ्यात पवित्र, नेमकं तिथेच हा आजार बोट घालतो. आईला बाळाबद्दल, भक्ताला देवाबद्दल. आणि नको ते विचार तर बहुतेक सगळ्यांनाच येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी साध्या, निरोगी लोकांना विचारलं, तेव्हा दहातल्या सुमारे आठ जणांनी हो म्हटलं. बाकीचे 'काय मेलं डोक्यात येतं' म्हणून पुढे जातात. मंत्रचळ असलेला माणूस तिथेच चौकशी बसवतो.

आता माझी चूक. मी त्याला धीर देत राहिले. "मॅडम, हे पाप आहे का?" "नाही रे." रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तोच प्रश्न जरा बदलून. पुन्हा "नाही". एका रात्री चौदा मेसेज. मला वाटत होतं मी आधार देतेय. एके दिवशी तो म्हणाला, "परवा 'नाही' म्हणताना तुम्ही थांबलात. का थांबलात?" मी चहाचा घोट घेत होते, म्हणून थांबले होते. पण तेव्हा लख्ख दिसलं, माझं 'नाही' ही त्याची बत्तिसावी प्रार्थना झाली होती. कुमसारातली क्षमा, आत्याचं मीठ, बाबांचा युक्तिवाद, माझा मेसेज, सगळं एकाच माळेचे मणी. प्रत्येकाने दहा मिनिटं सुटका व्हायची आणि पुढच्या शंकेला बळ मिळायचं.

त्याच्या परवानगीने, त्याला सोबत घेऊन, मी त्यांच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, वयस्क फादरांना भेटले. मला वाटलं होतं समजवावं लागेल. त्यांनीच मला समजावलं. म्हणाले, भूत काढण्याचा विधी आमच्यात कुणीही उठून करायचा नसतो, बिशपांची परवानगी लागते, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना याची खात्री करावी लागते. मग त्यांनी संत इग्नेशियस लोयोलाची हकीकत सांगितली. जेझुइट संघाचा हा संस्थापक, आधीचा सैनिक. त्याने तीन दिवस लेखी पापनिवेदन केलं होतं, तरी १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसात असताना काहीतरी सांगायचं राहिलं या शंकेने त्याला पोखरलं. जीव द्यावा असंही वाटून गेलं. त्याच्या धर्मगुरूने सांगितलं, जुनं पाप अगदी स्पष्ट असेल तरच पुन्हा सांग. झालं काय, की त्याला सगळीच स्पष्ट वाटायची.

मला सगळ्यात आवडलं ते त्याचं पुढचं एक उदाहरण. वाटेत गवताच्या दोन काड्या एकमेकींवर पडून क्रूस झालाय, त्यावर चुकून पाय पडतो. पाप झालं, असं वाटतं. नाही झालं, असंही वाटतं. या हेलकाव्याला तो खरी शंका म्हणतो. लॅटिनमध्ये त्यासाठी जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत शिरलेला.

मुलगा हे ऐकून खूप वेळ गप्प होता. मग विचारलं, "त्यालाही शिव्या यायच्या?" फादर म्हणाले, "ते त्याने लिहून ठेवलं नाही."

फादरांनी आणखी एक सांगितलं. इग्नेशियसच्या मते चांगल्या वाटेने निघालेल्याला टोचतो, रडवतो, खोटी कारणं देऊन अडवतो तो वाईट आत्मा. धीर देतो तो चांगला. मला वाटलं, सुटला प्रश्न! दोन दिवसांनी मुलाने त्याचंही मोजमाप सुरू केलं. आत्ता वाटला तो धीर खरा की सोंग घेतलेला? शहाणा नियमसुद्धा या आजाराच्या हातात पडला की त्याची रेघ होते, तिकिटाच्या पाठीवरची.

म्हणून शेवटी आम्ही उत्तर शोधणंच सोडलं. सैतान आहे की नाही हा माझा प्रांत नाही. आहे असं मानूनच काम करायचं ठरलं, कारण तो तसं मानतो. देवाला मुद्दाम शिवी दे, असलं काही मी सांगितलं नाही. त्याच्या श्रद्धेत जे पाप, ते उपचार म्हणून करायला लावणं मला पटत नाही आणि त्याची गरजही नव्हती. त्याच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलं, "कदाचित सैतान मला फसवत असेल. कदाचित नसेल. खात्री मिळणार नाही. मी लोकल पकडतो." रोज वीस मिनिटं हे ऐकायचं, छाती धडधडली तरी बंद करायचं नाही, आणि ऐकताना मनात क्षमा मागायची नाही. शेवटची अट सगळ्यात जड गेली. प्रार्थना एकदाच, शिवीसकट. कुमसार महिन्यातून एकदा, याच फादरांकडे, आणि विचारांची यादी न वाचता. फादरांनी तसं स्पष्ट बजावलं, ते बळ माझ्या शब्दात नव्हतं. मला मेसेज केला तर माझं उत्तर ठरलेलं, "असेलही." पहिल्याच रात्री त्याला माझा राग आला. मलाही तो शब्द पाठवताना बरं वाटलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या होत्या. मंत्रचळात त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने जातात, आणि तेवढ्यात घरचे 'काही फरक नाही' म्हणून बंद करतात. इथे आईने डबा भरावा तशी गोळी हातात दिली, रोज. आत्याला मी तिचा विश्वास सोड म्हटलं नाही. एवढंच मागितलं, की त्याच्यासाठी प्रार्थना करा, पण त्याच्या समोर निदान करू नका. ती अर्धी कबूल झाली. मुखवटा अजून पंपाच्या खोलीतच आहे.

सात महिन्यांनी, नाताळाच्या आधी तो सुकेळी घेऊन आला. केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, आगाशीची. शिवी येते का विचारलं. "येते की. मी 'आमेन'पर्यंत जातो, ती मागून येते." मग पिशवीची घडी घालता घालता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं,

"मॅडम, आता शेवटचं. तुम्हाला काय वाटतं, तो असतो का?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं.

"तुझी गाडी किती वाजताची?" मी विचारलं.

तो बघत राहिला. मग घड्याळ पाहिलं. "सहा अठराची," म्हणाला, आणि चपला घालायला वाकला.