पीडीएफ उघड की आधी!

बाळ,

रविवारी तू शिक्षकभरतीची फाईल घेऊन आलीस, दोन तास बसलीस आणि गेल्यावर आमची ही म्हणाली, पोरीनं चहाला हात पण नाही लावला बघा. कपावर साय धरली होती. तेव्हाच ठरवलं की समोर बोलताना जे अर्धवट राहिलं ते लिहून पाठवायचं. फोनवर टाईप करतोय, चुका होतील, मास्तर असून ऱ्हस्वदीर्घ चुकतो म्हणून हसू नकोस.

तू चांगली शिकवशील हे काय मी सांगायला नको. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे आणि त्या दिवशी मी तो गिळला. दोन तासात तू जे जे बोललीस त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असं म्हणतात' होतं. मैत्रीण म्हणते ओबीसीला टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, 55 टक्के चालतात. ग्रुपवर आलंय की मराठी माध्यमाच्या जागा निघणारच नाहीत. सायबरवाला म्हणाला लँग्वेज वन, म्हणजे पेपरातली पहिली भाषा, कन्नडच घ्यायला लागतं. आणि मी विचारलं, तू स्वतः काय वाचलंस, तर म्हणालीस "पीडीएफ कन्नडमध्ये होती सर."

बाळ, कन्नडमध्ये होती म्हणूनच वाचायची होती की.

बघ, काय झालं ते. आपण मराठा, म्हणजे कर्नाटकात मागासवर्गांपैकी 3बी गटात, आणि 55 टक्क्यांची सवलत एससी, एसटी, कॅटेगरी 1 आणि दिव्यांगांना, 3बीला जनरलसारखेच 60 लागतात, 150 पैकी 90. हे नोटिफिकेशनमध्ये सरळ छापलेलं असतं. तू 83 ची तयारी करून गेलीस. बरं, लँग्वेज वनला मराठी घेता येत होतं, सायबरवाल्यानं ढकलून कन्नड टाकलं, आणि तुला कळलं कधी, तर हॉलमध्ये पेपर हातात पडल्यावर. 30 मार्कांचा तो भाग, तिथंच तू बुडालीस. अर्जाची प्रिंट तुझ्याच फाईलीत होती, मी रविवारी काढून दाखवली, त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सही तुझी. सायबरवाल्याचं काय जातंय, त्याला त्याचे फॉर्मचे पैसे मिळाले.

स्वतः वाच. एवढंच सांगायचं आहे मला, बाकीचं सगळं त्याच्याभोवती आहे.

आता तू म्हणशील सर तुम्हाला सांगायला सोपं. सोपं नाही गं. मी 1986 ला बावीस वर्षांचा होतो. कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाचं ते साल, हिंडलग्याला 1 जूनला हुतात्म्यांना अभिवादन करायला आपण जातो ते त्याचंच. त्या वयात मला कन्नडचं एक अक्षर वाचणं म्हणजे हरणं वाटायचं. नोकरी लागली, मराठी शाळेत, तरी ऑफिसातून सुत्तोले, म्हणजे कन्नड परिपत्रकं, आली की मी ती न बघता शेजारच्या गुरुजींकडं सरकवायचो, ते चार ओळीत मराठीत सांगायचे, मी सही करायचो. अभिमानानं करायचो. पुढं एका वर्षी सेवाज्येष्ठतेची यादी बोर्डावर लागली, हरकतींना मुदत थोड्या दिवसांची, मी विचारलं माझं नाव आहे का, उत्तर आलं, आहे की, मी बघितलंय. नाव होतंच. नावापुढची रुजू झाल्याची तारीख एक वर्षानं पुढं गेली होती, ती कुणी बघितली नाही. मला कळलं चार वर्षांनी. माझ्या मागून आलेले दोघे मुख्याध्यापक झाले आणि मी 60 पूर्ण व्हायला तीन वर्षं राहिली असताना झालो. दोष कुणाला देऊ? त्या गुरुजींनी विचारलं तेवढं सांगितलं.

हे वाचून तुझे बाबा म्हणतील मास्तर आता पलटला. अजिबात नाही. सक्तीला माझा विरोध तेव्हा होता, आज आहे, 1 नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला, मी आजही काळी फीत लावतो. पण सक्ती नको म्हणणं वेगळं आणि आपल्याबद्दल काय लिहून आलंय ते न वाचता सही करणं वेगळं. मी या दोन्हीची गल्लत केली, आणि खरं सांगायचं तर अभिमान थोडा होता, आळस जास्त होता. तिकडं जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळेतल्या मास्तरलाही मराठी परिपत्रक वाचता आलंच पाहिजे, तो काय कमी कन्नडिग होतो का.

आणि मराठी शाळा वाचवायच्या म्हणतेस ना, त्या दिवशी डोळ्यात पाणी आलं होतं तुझ्या, तर ऐक. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळेचा मुख्याध्यापक म्हणजे निम्मा क्लार्क. सॅट्सवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन यादीत, मुलांची नोंद, अक्षरदासोहाचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, तांदूळ-डाळीचा हिशेब, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, मीटिंगचा ठराव, बीईओकडं, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याकडं, पाठवायचं उत्तर, सगळा पत्रव्यवहार कन्नडमध्ये. ते ज्याला जमत नाही त्याची शाळा दुसराच कोणतरी चालवतो. घटनेतलं 350अ कलम, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायचं, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, भाषणात पण येतं, पण त्याचा आधार घेऊन शिक्षक मागणारा अर्ज कन्नडमध्ये नीट लिहिणारे किती आहेत सांग.

घाबरू नकोस, तू शाळेत कन्नड शिकलीयस, अक्षरं येतात तुला. नोटिफिकेशनमध्ये निम्मे शब्द आपलेच आहेत: अर्जी, हुद्दे, दिनांक, माध्यम. नेमकाती म्हणजे भरती, मीसलाती म्हणजे आरक्षण, वर्गावणे म्हणजे बदली. असे चाळीस-पन्नास शब्द वहीत उतरवलेस की पुढची पीडीएफ तुला तासाभरात वाचून होईल. कल्याण कर्नाटक, म्हणजे पूर्वीचा हैदराबाद कर्नाटक, तिथल्यांच्या आरक्षणाचा कॉलम दिसला तर टिक मारू नकोस, आपला जिल्हा त्यात येत नाही, आपण कित्तूर कर्नाटक. ग्रामीण कोट्याचं प्रमाणपत्र मात्र तुला मिळतं, पहिली ते दहावी गावातच झालीय तुझी, ते ठरलेल्या नमुन्यातच लागतं, मुख्याध्यापकाची सही आणि वर बीईओची. जाहिरात निघाल्यावर पळापळ करू नकोस, आत्ता काढ.

महाराष्ट्राचं पण तेच. तिकडच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलचं बोललीस, टीईटी तिकडची वेगळी, वर अभियोग्यता चाचणी, दोन तासात 200 प्रश्न. तिकडच्या जाहिरातीत सीमाभागातल्या 865 गावांसाठी 15 वर्षं वास्तव्याच्या दाखल्याची अट लिहिलेली असते. तुझं गाव यादीत आहे का विचारलं तर म्हणालीस, अख्खा तालुका आहे म्हणतात. पुन्हा म्हणतात! यादी उघड, गावाचं नाव शोध, बोट ठेव.

मुलाखतीबद्दल फार नाही सांगत. तुला डेमो दहा मिनिटं दिला आणि तू सगळा वेळ पॅनेलकडं बघून शिकवलंस, असं तूच सांगितलंस. पोरांकडं बघायचं. मागच्या बाकावरच्याला नावानं उठवायचं. कन्नड येतं का विचारलं की तू 'थोडं थोडं' म्हणालीस, ते नको, 'वाचता येतं, लिहिताना चुकते' म्हण, खरं पण आहे आणि ऐकणाऱ्याला कळतं पण.

पण मुलाखत घेतलेल्या त्या शाळेनं दिलेलं ऑर्डर लेटर? ते तर इंग्लिशमध्ये होतं, ते तरी वाचायचंस. मी वाचलं तुझ्यासमोर. पगार दहा महिन्यांचा, सुट्टीतला नाही, मध्येच सोडलं तर एक महिन्याचा पगार भरायचा, आणि ओरिजिनल मार्कलिस्ट ऑफिसात जमा. आणि तू सोमवारी मार्कलिस्ट घेऊन जाणार होतीस! झेरॉक्स दे, ओरिजिनल दाखव आणि परत पिशवीत घाल, नाही म्हणाले तर उठून ये. पगार कमी आहे हे ठीक आहे, सुरुवातीला सगळ्यांना कमीच असतो, पण कागद अडकले की तू अडकलीस.

एक कबूल करतो. रिटायर झाल्यावर मी एका खाजगी शाळेच्या पॅनेलवर दोनदा बसलो. दुसऱ्या वेळी बसल्या बसल्या कळलं की नाव आधीच ठरलंय. तरी मी उठलो नाही. आलेल्या नऊ जणांना मी मनापासून प्रश्न विचारले, एकीला तर भागाकार परत शिकवायला लावला, म्हटलं यांचा सराव तरी होईल. आमची ही म्हणते तुम्ही स्वतःलाच फसवलं. असेल. पण प्रश्न मी नीट विचारले, आणि ज्यांना त्यातलं काही पुढं उपयोगी पडलं असेल त्यांना पडलं असेल. ज्या कागदावर मी शेवटी सही केली तो मात्र त्या दिवशी पूर्ण वाचला होता, म्हणजे कशावर सही करतोय ते माहीत असून केली. हे जास्त वाईट की कमी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अतिथी शिक्षक म्हणून तुझ्या गावाजवळ जागा आहे म्हणालीस. जा. एका शैक्षणिक वर्षापुरतं असतं, कायम होईल असं कोण सांगत असेल तर ते पण 'म्हणतात' मधलंच. पण सरकारी शाळेचं ऑफिस आतून बघायला मिळेल, हेडमास्तरना म्हण, सुत्तोले आली की पहिल्यांदा मला वाचू दे. हसतील ते. हसू दे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ये. मागच्या टीईटीची नोटिफिकेशन प्रिंट काढून आण, पूर्ण, फक्त पहिलं पान नको. मी वाचणार नाही, तू वाचायचं, मोठ्यानं, अडलीस तरी मी लगेच सांगणार नाही. चहा यावेळी साय न येता प्यायचा.

तुझे,
सर